नेपाळ: नाशिकहून काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ, लुंबिनी – कशाने जावं आणि तिथे कसं फिरावं?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघून अकरा दिवसांत नेपाळ करायचं ठरतंय. पाच जण आहोत: आम्ही नवरा-बायको, बाबा (७०), आई (६६) आणि मुलगा (१२). पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ आणि येताना लुंबिनी, एवढंच. मुक्तिनाथ आईच्या मनात फार वर्षांपासून आहे, ते चुकवायचं नाही. बाकी काही गाळावं लागलं तरी चालेल.

जायचे तीन मार्ग डोळ्यांसमोर आहेत.

पहिला, घरची अर्टिगा (सीएनजी) घेऊन थेट जायचं. चालवणारे दोघं आहोत.
दुसरा, नाशिकरोडहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली सीमा आणि पुढे नेपाळी बस किंवा जीप.
तिसरा, मुंबईहून विमानाने काठमांडू आणि तिथून पुढे भाड्याची गाडी.

नकाशावर काठमांडू ते पोखरा २०० किमी दिसतंय आणि पोखरा ते मुक्तिनाथ पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे प्रत्येकी चार-पाच तास धरले तर बरोबर ना? मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोम गावापर्यंत विमान जातं असंही ऐकलं आहे. ज्यांना तिथली नीट माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. कागदपत्रं आणि पैसे यांबद्दलही.

---

पहाटगाडी:

चार-पाच तासांचा हिशेब आधी पुसून टाका. नेपाळमध्ये किलोमीटर नाही, तास विचारायचे. काठमांडू–पोखरा २०० किमीला सात ते नऊ तास लागतात. पृथ्वी राजमार्ग हा एकच मुख्य रस्ता आहे आणि तराईतून काठमांडूत येणारा बहुतेक सगळा माल मुग्लिनपासून वर याच रस्त्याने चढतो. काठमांडूतून बाहेर पडताना नागढुंग्याचा घाट, पुढे त्रिशूलीच्या कडेकडेने वळणं, मुग्लिननंतर रुंदीकरणाची कामं. चढावर एक ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंना रांग लागते, आणि रांग मोडून पुढे घुसणाऱ्यांमुळे ती आणखी अडकते. म्हणून सकाळी सातच्या आत शहर सोडायचं. नऊला निघालात तर पोखऱ्याला पोचेपर्यंत रात्र होते.

बाकीचे टप्पेही तासांतच सांगतो. भैरहवा (सोनौलीच्या पलीकडचं गाव) ते काठमांडू दहा तास धरा. बुटवल–नारायणघाट या ११३ किमीच्या पट्ट्याचं रुंदीकरण २०१९ पासून चाललंय. जिथे झालं आहे तिथे गाडी पळते, जिथे राहिलं आहे तिथे नुसती धूळ. भैरहवा ते पोखरा तानसेन-वालिङ-स्याङ्जामार्गे सिद्धार्थ राजमार्ग, सुमारे १८० किमी, सात-आठ तास. हा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. बुटवल सोडल्यावर लगेच सिद्धबाबा नावाचा कडा लागतो, तिथे वरून दगड सुटतात. पावसाळ्यात तो भाग ठरावीक वेळीच उघडतात. तुम्ही पावसानंतर जाताय, तरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला ‘सिद्धबाबा खुला छ?’ एवढं विचारून ठेवा. पोखरा ते मुक्तिनाथ जीपने नऊ ते अकरा तास. त्यावर कुणीतरी वेगळं लिहीलच.

आता तुमच्या तारखा. इथे एक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: छठ. भाऊबीज द्वितीयेला, छठ षष्ठीला. दिवाळीच्या आधीपासून छठपर्यंत मुंबई-पुण्याहून पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या तुडुंब असतात, आणि छठ आटोपली की उलट दिशेने तीच गर्दी. तुम्ही भाऊबीजेनंतर निघालात तर जाताना छठच्या आधीच्या गर्दीत सापडाल आणि अकराव्या दिवशी गोरखपूरहून निघताना परतीच्या गर्दीत. म्हणजे दोन्हीकडून. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठलाच तिकीट काढलं तर मिळेल; नंतर प्रतीक्षा यादीवर भिस्त ठेवू नका. सत्तरीच्या माणसाला घेऊन त्या दिवसांत स्लीपरच्या डब्यात चढणं-उतरणंसुद्धा कठीण असतं, अगदी आरक्षण असलं तरी.

उलट नेपाळच्या आत तुमच्या तारखा चांगल्या आहेत. तिथे आपल्या दिवाळीच्या दिवसांत तिहार असतो आणि भाऊबीजेला भाईटीका. त्या दिवशी लांबच्या बसगाड्या फारच कमी सुटतात. दुसऱ्या दिवसापासून लोक गावाकडून काठमांडूला परतायला लागतात. काठमांडूत शिरणारी बाजू भरलेली, बाहेर पडणारी मोकळी. तुम्ही बाहेर पडणार आहात. दशैंच्या (आपल्या दसऱ्याच्या) आसपास गेला असतात तर तिकीट मिळणंच मुश्कील होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आत विमानाने, बाहेर जमिनीवरून. मुंबई–काठमांडू विमान, आणि शेवटी पोखरा–भैरहवा–लुंबिनी करून सोनौलीने भारतात यायचं, गोरखपूरहून मुंबईचं विमान धरायचं. भारतीय नागरिकाला एका वाटेने आत आणि दुसऱ्या वाटेने बाहेर यायला काही अडचण नाही, जमिनीवरच्या नाक्यावर शिक्काही लागत नाही. यात तुम्ही काठमांडूला परत जात नाही, म्हणजे त्या घाटातला अख्खा एक दिवस वाचतो.

मुंबई–काठमांडू थेट सेवा कंपन्या सुरू-बंद करत असतात. थेट नसेल तर दिल्लीमार्गे. तेव्हा दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतलीत तर दिल्लीला सामान उतरवून घेऊन परत द्यावं लागतं, देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं तर टर्मिनल तीनला बसने जावं लागतं, आणि नेपाळ असलं तरी इमिग्रेशनची रांग चुकत नाही. अशा वेळी मध्ये चार-पाच तास ठेवा. काठमांडूला एकच धावपट्टी आहे, त्यामुळे विमान उतरायच्या आधी बऱ्याचदा हवेत घिरट्या घालतं. आई-बाबांना डाव्या खिडकीशी बसवा, हिमशिखरं त्या बाजूला दिसतात.

दिवस असे बसतात. पहिला काठमांडूत पोचायचा, दुसरा पशुपतिनाथ आणि शहर. तिसरा पोखरा. चौथा पोखऱ्यात आराम आणि परवाने. पाचव्या दिवशी जीपने वर, सहाव्याला मुक्तिनाथ, सातव्याला पोखऱ्याला परत. आठवा राखीव. नववा भैरहवा, दहावा लुंबिनी, अकरावा सोनौली-गोरखपूर-मुंबई. आठवा दिवस मोकळा दिसतोय म्हणून तिथे चितवन वगैरे कोंबू नका. तो मुक्तिनाथचा विमा आहे.

काठमांडू–पोखरा विमानाने केलंत तर पंचवीस मिनिटं लागतात, उजव्या खिडकीशी बसा. पोखऱ्याचा नवा विमानतळ १ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. देशांतर्गत विमानांचे तिथे तीन दर असतात: नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी. संकेतस्थळावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ निवडा, नाहीतर डॉलरमधला महाग दर लागतो. मग विमानतळावर ओळखपत्र दाखवावं लागतंच.

---

निळीछत्री:

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत. फक्त अर्टिगाबद्दल लिहितो, कारण तो पर्याय एका वाक्यात उडवण्यासारखा नाही. गाडी नेता येते, भरपूर लोक नेतात. तुमच्या बेतात ती बसते का हा प्रश्न आहे.

नाशिक–इंदूर–झाशी–कानपूर–लखनौ–गोरखपूर–सोनौली असं दीड हजार किमीच्या वर जातं. ज्येष्ठांना घेऊन तीन दिवस, तेवढेच परत येताना. अकरापैकी सहा दिवस भारतातच गेले. पाच दिवसांत मुक्तिनाथ होत नाही. सतरा-अठरा दिवस असते तर मी गाडी न्या म्हटलं असतं.

दुसरं म्हणजे सीएनजी. नेपाळमध्ये सीएनजी पंप नाहीत, सोनौली ओलांडली की गाडी पूर्णपणे पेट्रोलवर. मागची टाकी डिकी अडवून बसते आणि पाच जणांच्या गरम कपड्यांच्या बॅगा टपावर जातात. तिसरं, पोखऱ्याहून मुक्तिनाथकडे जाताना लागणाऱ्या बेनी गावाच्या पुढे जोमसोमपर्यंतच्या रस्त्यावर अजूनही कच्चे, दगडांचे आणि ओढे ओलांडायचे तुकडे आहेत. अर्टिगा भरलेली असताना पोट घासतं, इंजिनखालचं संरक्षक कव्हर तुटतं किंवा सायलेन्सर सुटतो. गाडी पोखऱ्यालाच उभी करून वर फोर-व्हील जीप करावी लागणार असेल तर इतकी लांब ओढून न्यायचं कारण राहत नाही.

तरीही कुणी नेणार असेल तर नाक्यावरची पद्धत अशी. भारताच्या बाजूला पोलीस आणि कस्टमला गाडी दाखवायची. पलीकडे गेल्या गेल्या भन्सार कार्यालय. भन्सार म्हणजे तिथलं कस्टम. मूळ आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. तिथे किती दिवस राहणार ते सांगून दिवसाप्रमाणे शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. त्यानंतर शेजारीच यातायात कार्यालयातून रस्त्याचा परवाना. दोन्ही कागद वेगळे आहेत. लोक भन्सार करतात, यातायात विसरतात आणि पुढच्या चौकीवर दंड भरतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दिवस काटोकाट सांगणं. शुल्क वाचवायला सहा दिवस सांगितले आणि दरड पडून सातवा लागला, तर मुदत संपलेली गाडी नेपाळमध्ये बेकायदेशीर ठरते. दंड शुल्काच्या मानाने खूप मोठा असतो, गाडी अडकवूनही ठेवतात. बेत सहाचा असेल तर आठ दिवसांचं भन्सार करा. वाटेतल्या कस्टम कार्यालयात मुदत वाढवून मिळते, पण ती संपायच्या आत जायला हवं. नाक्यावर दलाल ‘सुविधा’ काढून देतो म्हणतील. सुविधा म्हणजे जवळच्या बाजारापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा पास. त्यावर पोखऱ्याला जाता येत नाही.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं सहीचं संमतीपत्र हवं. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्रही सोबत असू द्या. आणि विमा: आपल्या नेहमीच्या पॉलिसीची हद्द भारत एवढीच असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून ‘भौगोलिक क्षेत्र विस्तार’ जोडून घ्यावा लागतो, त्याला आयएमटी १ म्हणतात. निघण्याच्या आठवडाभर आधी विमा कार्यालयात अर्ज द्या. हा जोड नसेल तर तिथल्या अपघाताचा दावा मंजूर होत नाही.

भारतीय लायसन्स चालतं, गाड्या डावीकडूनच. फास्टॅग चालत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत पोलीस अतिशय कडक आहेत, तिथे त्या तपासणीला ‘मापसे’ म्हणतात. वळणावर हॉर्न द्यायचा, आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची.

---

सातूचं_पीठ:

मुक्तिनाथवर लिहिते. तुमच्या आईंसाठी हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा लांबलं तरी वाचा.

विमान आधी. पोखरा–जोमसोम सुमारे वीस मिनिटांचं उड्डाण, छोटी ट्विन ऑटर विमानं. एका बाजूला अन्नपूर्णा (८,०९१ मी.), दुसऱ्या बाजूला धौलागिरी (८,१६७ मी.) आणि मधल्या काली गंडकीच्या घळीतून विमान जातं. उड्डाणं फक्त सकाळची. ऊन चढलं की खालची गरम हवा या घळीतून वर ओढली जाते आणि दहा-अकराच्या सुमारास जोमसोमला इतका जोराचा वारा सुटतो की विमान उतरवता येत नाही. तो वारा रोजचा आहे, अपवाद नाही. म्हणजे पोखऱ्यात सकाळी धुकं असलं आणि पहिलं विमान उशिरा सुटलं, तर मागची सगळी त्या दिवसापुरती रद्द होऊ शकतात. वैमानिक डोळ्यांनी दरी बघत जातो, ढग असले तर जात नाही, आणि तेच योग्य आहे. मे २०२२ मध्ये याच मार्गावर विमान पडून सगळे, २२ जण, गेले होते. सामान सगळं मिळून साधारण १५ किलो. मोठी बॅग पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवून जायचं.

म्हणून जोमसोमच्या विमानावर पुढचं काहीही बांधू नका. जाताना जीप आणि येताना विमान, अशी जोडी ज्येष्ठांना बरी पडते. कारण मी खाली सांगते.

पोखरा सुमारे ८२० मीटरवर, जोमसोम २,७०० च्या वर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या आसपास. विमानाने सकाळी जोमसोम आणि तिथून जीपने दोन तासांत मुक्तिनाथ केलंत तर शरीर एका सकाळीत जवळजवळ २,९०० मीटर चढतं. डोकेदुखी, मळमळ, चालताना झोक जाणं ही लक्षणं मग दिसायला लागतात. तरुणांनाही होतं. जीपने गेलात तर मार्फा (जोमसोमच्या अलीकडचं गाव) किंवा जोमसोमला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तिथे रात्र काढायची, सकाळी वर जाऊन दर्शन घ्यायचं आणि त्याच दुपारी खाली उतरायचं. वर राणीपौव्यात (देवळाखालचं गाव) मुक्काम करू नका. मुक्तिनाथला दर्शन असावं, झोप खालीच. वाटेत थकवा आला तर तातोपानीला (सुमारे १,२०० मी.) थांबून दोन दिवसांत चढा, गरम पाण्याची कुंडं आहेत, आई-बाबांचे पाय मोकळे होतील.

बाबांना किंवा आईंना रक्तदाबाची, हृदयाची, फुप्फुसाची तक्रार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना मीटरमधली उंची सांगून विचारा. नुसतं ‘नेपाळला जातोय’ म्हणू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) द्यायची की नाही तेही तेच ठरवतील. वर गेल्यावर कुणाला उलट्या किंवा झोक जायला लागला तर गोळी देऊन वाट बघायची नाही, लगेच गाडीत बसवून जोमसोमला उतरायचं. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की देवळाखालच्या थांब्यावरून हलू नको.

गाडी राणीपौव्यापर्यंत जाते. तिथून देऊळ चढणीवर, हळू चालत अर्धा तास, शेवटी पायऱ्या. घोडे मिळतात, मोटारसायकलवालेही काही अंतर सोडतात. घोडा ठरवताना जाऊन-येऊनचा ठरवा. १०८ मुखांचं पाणी बर्फासारखं असतं. आईंना त्याखाली स्नान करायची इच्छा असेल तर सोबत मोठा टॉवेल, कोरडे कपडे, लोकरी टोपी आणि थर्मासमध्ये गरम पाणी न्या. नाहीतर हातावर पाणी घेऊन डोक्याला लावलं तरी यात्रा पूर्ण होते, कित्येक जण तसंच करतात.

परवाना: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा, ज्याला तिथे सगळे ‘एक्याप’ म्हणतात. भारतीयांना माणशी १,००० नेपाळी रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, तुमच्या मुलाला लागेल. पोखऱ्यात डॅमसाइडला पर्यटन कार्यालयात मिळतो. प्रत्येकाचे दोन फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स. सरकारी कार्यालयांना तिथे शनिवारची सुट्टी असते, त्यामुळे चौथा दिवस शनिवार येत असेल तर आधी फोन करून विचारा.

जीप ठरवताना स्कॉर्पिओ किंवा बोलेरो, फोर-व्हीलच. हिरव्या पाटीची गाडी म्हणजे पर्यटक वाहन, काळी पाटी म्हणजे सार्वजनिक, लाल म्हणजे खासगी. लाल पाटीवाला स्वस्त सांगतो, पण अडवलं तर प्रवासी रस्त्यात. भाव ठरवताना कागदावर लिहून घ्या: इंधन, ड्रायव्हरचं जेवण-राहणं, पार्किंग, तिसऱ्या दिवशी विमान मिळालं तर रिकामी परत जाण्याचे पैसे धरले आहेत का, आणि दरड पडून एक दिवस वाढला तर त्या दिवसाचं किती. यातलं शेवटचं न ठरवल्यामुळेच सगळी भांडणं होतात. आणि रक्कम आयसी की एनसी, हे पहिल्याच वाक्यात.

---

गोदाकाठ:

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अर्टिगा बाद, विमानाने आत आणि सोनौलीने बाहेर, हे घरात सगळ्यांना पटलं. जाताना जीपच.

आयसी-एनसी म्हणजे काय? आणि आम्हा दोघांचे पासपोर्ट आहेत, आई-बाबांचे आणि मुलाचे नाहीत. आधार चालेल का?

---

पहाटगाडी:

आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. १९९३ पासून दर पक्का आहे: १०० भारतीय = १६० नेपाळी. टॅक्सीवाला, दुकानदार, घोडेवाला, सगळे नुसतं ‘पाचशे’ म्हणतात. तुम्ही ‘आयसी की एनसी?’ विचारलं नाही तर पाचशे नेपाळीच्या जागी पाचशे भारतीय जातात, म्हणजे तीनशे नेपाळी जादा.

नोटा शंभरच्या आणि त्याखालच्या न्या. दोनशे-पाचशेच्या नोटांवर नेपाळने २०१८ मध्ये बंदी घातली होती, आणि नियम पुढे बदलले तरी डोंगरातला दुकानदार हात लावतोच असं नाही. शंभराची दोन-तीन बंडलं बँकेतून आधीच मागून घ्या, दिवाळीत नव्या-लहान नोटांची टंचाई असते. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपे (इंग्रजी एफने सुरू होणारं, नेपाळचं) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण निघण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करून ठेवावं लागतं. काठमांडू-पोखऱ्यात उपयोग होतो. बेनीच्या वर रोखच धरा.

कागदपत्रं. विमानाने जाताना प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ. आधार प्रौढांना चालत नाही, विमानतळावर चेक-इनलाच परत पाठवतात. पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना वय आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, आधारसुद्धा, चालतं. म्हणजे तुमच्याकडे तिघांचंही आधारवर होतं. तरीसुद्धा आई-बाबांची मतदार ओळखपत्रं बरोबर ठेवा, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मुलाचा जन्मदाखला घ्या. आईंचं वय ६६ आहे म्हणालात, ते आधारवरच्या जन्मतारखेने पासष्टच्या वर बसतंय का ते आज बघा. बऱ्याच ज्येष्ठांच्या आधारवर चुकीची तारीख किंवा नुसतं वर्ष असतं.

आता दोन बारीक गोष्टी, ज्यांनी गाडी चुकते.

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. सातची बस म्हणजे आपली पावणेसात. भैरहवा-सोनौलीला मोबाइल कधी भारताचा टॉवर पकडतो, कधी नेपाळचा, आणि घड्याळ मागेपुढे होतं. हातातलं साधं घड्याळ नेपाळी वेळेवर लावून ठेवा.

तिकिटावरची तारीख विक्रम संवताची असते आणि महिने सौर. त्यांचा ‘कात्तिक’ ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो, त्याचा आपल्या कार्तिकाशी मेळ नाही. ‘कात्तिक १५ गते’ वाचून आपल्या पंचांगात शोधू नका, काउंटरवरच्या माणसाला इंग्रजी तारीख तिकिटावर लिहायला लावा आणि वारही. पाट्या देवनागरीत आहेत ही आपली मोठी सोय, कुठली बस कुठे जाते हे मुलगासुद्धा वाचेल. फक्त त्यांचे पाच, आठ आणि नऊ थोडे वेगळे लिहिलेले असतात, बसचा नंबर बघताना फसायला होतं.

---

निळीछत्री:

काठमांडू शहरातलं राहिलं होतं. पशुपतिनाथ विमानतळाच्या अगदी जवळ आहे. आई-बाबांसाठी थमेलपेक्षा गौशाला भागात उतरा, पहाटेच्या दर्शनाला चालत जाता येतं. टॅक्सीवाले मीटर लावायला नाखूश असतात, त्यामुळे पठाओ किंवा इनड्राइव्ह अ‍ॅपवरून कार मागवा, निदान भाव किती असतो ते कळतं. ड्रायव्हर फोन करून ‘कहाँ हुनुहुन्छ?’ (कुठे आहात?) विचारतोच, म्हणून विमानतळावर उतरल्यावर एनटीसी किंवा एनसेलचं एक सिम घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो लागतो. वर मुक्तिनाथकडे दोघांपैकी एनटीसीची रेंज जास्त भरवशाची.

पोखऱ्याला बसनेच जायचं ठरलं तर पर्यटक बसगाड्या थमेलजवळच्या सोह्रखुट्टेहून सकाळी सातच्या सुमारास सुटतात. उजवीकडच्या जागा मागा, त्रिशूली आणि डोंगर त्या बाजूला. गोंगबूच्या मोठ्या बसपार्कात सामान घेऊन फिरायची तुम्हाला गरज नाही.

शेवटच्या दिवशी लुंबिनीहून सोनौली तासाभरावर आहे, पण नाक्यावर ट्रकची रांग असते. गाडी रांगेत अडकली तर उतरून सायकलरिक्षाने सीमा ओलांडा, पलीकडे दुसरी गाडी करा. सोनौली–गोरखपूर शंभरएक किमीला अडीच-तीन तास. दुपारी चारच्या आधीचं विमान घेऊ नका. आणि सोनौलीत किंवा गोरखपूर स्टेशनबाहेर कुणी ‘सीमेपलीकडची बसही यातच’ म्हणून जोडतिकीट विकत असेल तर ते घेऊ नका. पलीकडे ते तिकीट कुणी ओळखत नाही आणि पैसे पुन्हा भरावे लागतात.

---

सातूचं_पीठ:

एक राहिलं. जोमसोमहून विमानाने परतणार असाल तर आदल्या रात्री जोमसोममध्येच, विमानतळाच्या रस्त्यावर मुक्काम करा, मार्फ्यात नको. सकाळी सहाला तिथे हजर राहायचं असतं. जीपवाल्याला विमान डोळ्यांसमोर उडेपर्यंत सोडू नका. रद्द झालं तर त्याच क्षणी त्याच गाडीत बसून निघालात की रात्रीपर्यंत पोखऱ्यात. नऊनंतर जोमसोममध्ये अडकलेले सगळेच प्रवासी जीप शोधायला लागतात आणि मिळत नाहीत.